पुस्तक बदलून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

या महिनाअखेरीस तुम्ही निवृत्त होताय हे शनिवारी कळलं. टेबलापाशी माझ्यामागे तिघं-चौघं उभी होती, त्यामुळे धड काही बोलता आलं नाही. पुस्तक बदललं, चिठ्ठीवर तारखेचा शिक्का घेतला आणि बाहेर पडले. स्टँडपर्यंत पावसातून जाताना मात्र गेली चार वर्षं एकेक करून आठवत गेली आणि वाटलं, हे तोंडी सांगणं मला जमणार नाही. म्हणून लिहून देतेय. आपल्या वाचनालयाच्या इतर सभासदांनीही वाचलं तर मला आवडेल, कारण तुम्ही काय काम करता ते टेबलाच्या अलीकडून पूर्ण दिसत नाही.

मी पहिल्यांदा आले ती आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, सभासदत्व बंद करायला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याची झीज झाली होती. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. माणसाचे खांदे दिसतात, चेहरा पुसलेला. अक्षर तर नाहीच. वर्गणी कशाला भरायची, अनामत परत घेऊन ये, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. तुम्ही कार्ड हातात घेतलंत, उलटसुलट पाहिलंत आणि विचारलंत, "ऐकू नीट येतं ना त्यांना?" मी हो म्हटलं. मग तुम्ही कार्ड परत खणात ठेवलंत आणि मला समोर बसायला सांगितलंत.

त्या दिवशी तुम्ही विचारलेले प्रश्न मला अजून आठवतात. रोज किती वेळ वाचून दाखवू शकाल? कुठल्या खोलीत? त्या वेळी घरात आणखी कोण असतं? मी पतसंस्थेत नोकरी करते, रात्रीची जेवणं आणि मागची आवराआवर झाली की अर्धा तास मिळतो. खोल्या दोनच. यजमान तिथेच असतात आणि तेव्हा मुलगा दहावीत होता, तोही पलीकडे टेबलावर अभ्यासाला. तुम्ही कागदावर हिशेब मांडलात. मोठ्याने वाचायचं तर पानाला दोन मिनिटं. अर्ध्या तासात पंधरा पानं, सहा दिवसांची नव्वद, रविवारी दुपारी दोन तास बसलात तर आणखी साठ. "तुम्हाला दीडशे पानांची कादंबरी हवी. अर्धवट पुस्तक पुढच्या आठवड्यात ओढत नेलं की वाचन सुटतं," म्हणालात. मी तोवर पुस्तकाचा विचार असा पानं मोजून कधी केलाच नव्हता. पुढे बारा ऑगस्टच्या ग्रंथपाल दिनाला तुम्ही वाचनालयात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची माहिती लावली होतीत, त्यात १९३१ साली त्यांनी मांडलेले ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम होते. चौथा होता, वाचकाचा वेळ वाचवा. तो वाचताना मला तुमचा तो कागद आठवला.

आणि मग तुम्ही प्रेमकथा काढून दिलीत. मला अवघडायला झालं. ब्याऐंशीच्या सासूबाईंना सुनेने प्रेमकथा वाचून दाखवायची, तेही नवऱ्याच्या आणि दहावीतल्या मुलाच्या कानांवर पडत असताना! मी पोथी किंवा एखादं चरित्र मिळेल का, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, त्या सदतीस वर्षं इथून काय नेत होत्या ते मला माहीत आहे. सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर यांच्या पुस्तकांचं कपाट त्यांनी दोनदा संपवलंय. दृष्टी गेली म्हणून आवड जात नाही. त्यानंतर दर शनिवारी पुस्तक हातात देताना तुम्ही एकच वाक्य बोलायचात, "हे मोठ्याने वाचायला चालेल." या चार वर्षांत तुमचं ते वाक्य एकदाही चुकलं नाही.

या वाक्यावर मी खूप विचार केलाय, बाई. सोज्वळ, घरंदाज, निर्मळ अशी विशेषणं या कादंबऱ्यांना लावतात, पण त्यातून काय वगळलंय तेवढंच कळतं. मोठ्याने वाचायला लागल्यावर मला दुसरंच काही जाणवलं. मनात वाचताना माणूस घाईने पुढे सरकतो. मोठ्याने वाचताना प्रत्येक वाक्य तोंडातून जावं लागतं. नायकाने नायिकेचा चारचौघांत पाणउतारा केला आणि लेखकाने त्याला प्रेमाची ऐट म्हटलं, की माझा आवाज अडायचा. जुन्या कादंबऱ्यांत असं बरंच आहे. एकाही पानावर हातात हात नाही, पण ती सोसतेय, तो रुसतोय आणि तिच्या सोसण्याचीच आरती चाललीय. असली पुस्तकं मला निर्मळ वाटत नाहीत. उलट एखाद्या गोष्टीत दोघं एकमेकांच्या खूप जवळ येतात, तरी वाचताना कुठे खटकत नाही, कारण दोघंही एकमेकांना जपत असतात. तो विचारतो, ती सांगते, तो ऐकून घेतो. मला वाटतं, चांगली प्रेमकथा ओळखायची ती यावरून. हे मी तुम्हाला एकदा भीतभीत बोलून दाखवलं, तेव्हा तुम्ही टेबलाखालून एक वही काढलीत. तुम्ही असली खटकणारी पुस्तकं आधीच वेगळी नोंदवून ठेवली होतीत, आमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून. ती सगळी वाचायला तुम्हाला वेळ कधी मिळाला असेल?

मध्येच तुम्ही म्हणालात, आता एक मोठं घ्या, तीन आठवडे लागू देत, मुदत मी वाढवून देते. आणि 'पण लक्षांत कोण घेतो' दिलंत. ही गोष्ट दुःखाची, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. यमूचं पुढे काय होतं ते वाचताना माझ्याने काही पानं वाचवलीही नाहीत. पण हरिभाऊ आपट्यांनी ती १८९० साली सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून थोडी थोडी प्रसिद्ध केली होती, हे तुम्ही सांगितलंत आणि आईंना त्याचं फार अप्रूप वाटलं. म्हणजे तेव्हाचे वाचकसुद्धा आमच्यासारखेच आठवडा आठवडा थांबत असणार. रघुनाथराव यमूला लिहायला-वाचायला शिकवतात, मुंबईच्या बिऱ्हाडात दोघं बोलतात, वाचतात, तो भाग संपल्यावर आई म्हणाल्या, "मुंबईचं पुन्हा वाच." पुस्तक संपवून शनिवारी परत करण्याआधी आम्ही मुंबईचं तिसऱ्यांदा वाचलं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या पानांत नवरा-बायको नुसते शेजारी बसून पुस्तक वाचतात आणि तेवढ्याने माझ्या सासूबाईंचा चेहरा उजळतो, हे मी पाहिलंय.

'स्वामी'ही असंच तीन आठवडे चाललं. थोरल्या माधवरावांचा राज्यकारभार, मोहिमा, राघोबादादांशी तेढ हे यजमान कान देऊन ऐकायचे. आई मात्र रमाबाईंची वाट बघायच्या. थेऊरला १७७२ साली काय झालं हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं, तरी शेवटच्या रात्री आमच्या घरात कोणी जागचं हललं नाही. मुलाने अभ्यासाचं पुस्तक केव्हा मिटलं होतं कोण जाणे.

ते परत करताना तुम्ही सांगितलेली एक गोष्ट मी नंतर कितीतरी जणींना सांगितली. 'स्वामी' आलं १९६२ साली. त्याच वर्षी 'रंभा'च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची एक कथा छापून आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली निकाल लागला, कथा अश्लील नाही. आईंना तो गाजावाजा आठवत होता. त्या काळी काकोडकरांचं पुस्तक घरात उशीखाली असायचं, म्हणाल्या. मी विचारलं, तुमच्या उशीखाली? त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या शनिवारी मी निघताना म्हणाल्या, "काकोडकरांचं काही असलं तर विचार बाईंना." तुम्ही दिलंत. तेही मोठ्याने वाचायला चाललं.

आता जे सांगायचंय ते तुम्हाला माहीत नाही.

लग्न होऊन मला बावीस वर्षं झाली. आईंशी माझं कधी भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. भाजी काय करू, औषध घेतलंत का, गॅस बंद केला का, एवढंच. एका पुस्तकात, नाव मला आठवत नाही आणि कादंबरी तशी साधीच होती, तो तिला एसटीत खिडकीची जागा देतो आणि स्वतः कडेला अंग चोरून बसतो. मी वाचून पुढे गेले. दोन-तीन पानांनंतर आई म्हणाल्या, "थांब जरा." मग म्हणाल्या, "तुझे सासरे मला नेहमी खिडकी द्यायचे. गाडी लागायची मला. पोटात ढवळायला लागलं की वारा लागायला हवा. मी एकदाही मागितली नव्हती." मी पुस्तक मिटलं. त्या बोलत राहिल्या. लग्नानंतरची पहिली गणपतीतली गाडी, सासूबाईंसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती म्हणून त्यांनी सांकेतिक ठरवलेलं खाकरणं, पहिल्या पगारातून आणलेली आणि वर्षभर नेसायला न मिळालेली साडी. मामंजी जाऊन अकरा वर्षं झाली होती. हे सगळं त्यांनी त्याआधी कोणालाही सांगितलेलं नव्हतं, त्यांच्या मुलालाही नाही. यजमान पलीकडे पाठ करून झोपले होते. सकाळी कळलं, ते जागे होते.

त्यानंतर आमचं वाचन तसंच झालं. दहा पानं पुस्तकातली, उरलेला वेळ त्यांची. तुमचा दीडशे पानांचा हिशेब पुरा कोलमडला. मी तुम्हाला नुसतं म्हटलं की हल्ली जरा कमी होतं, आणि तुम्ही काही न विचारता सव्वाशे पानांची पुस्तकं द्यायला लागलात.

आणि ती निळ्या कापडी बांधणीची कादंबरी. रविवारी दुपारी शेवटाला आलो, दोघं स्टेशनवर भेटणार, गाडी सुटायची वेळ, आणि पुढची चार पानं नाहीत. फाटून गेलेली. आईंना रात्रभर चैन नाही. "भेटले असतील ना गं?" मी म्हटलं भेटले, तर त्या म्हणाल्या, "तू मनचं सांगू नकोस." शनिवारी मी तुम्हाला सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे, फक्त नोंद राहावी म्हणून. तुम्ही मान डोलावलीत, पुस्तक ठेवून घेतलंत, दुसरं दिलंत. मी विसरूनही गेले. तीन आठवड्यांनी तेच निळं पुस्तक तुम्ही माझ्यासमोर ठेवलंत. कामासाठी रत्नागिरीला गेला होतात, तिथल्या एका वाचनालयात तुम्हाला दुसरी प्रत सापडली होती आणि ती चार पानं तुम्ही हाताने उतरवून आणली होतीत. आखीव कागद, निळी शाई, तुमचं ते नोंदवहीतलं सरळ अक्षर, कडेला बरोबर पानांचे आकडे, आणि खळीने चिकटवलेली. फोटो काढून आणता आला असता. पण मग पुढच्या वाचकाला काय, असं तुम्ही म्हणालात.

त्या रात्री मी ती पानं वाचली. भेटले. आईंनी पुस्तक मागून घेतलं आणि त्या पानांवरून बोटं फिरवली. छापील पान गुळगुळीत लागतं, तुमच्या पानांवर पेन दाबल्याचे वळ होते. त्यांना ते हाताला लागत होते.

नवीन कोण येणार आहेत ते मला माहीत नाही. त्यांनाही मी आमची सगळी माहिती देईन, पानं, वेळ, कोण कोण ऐकतं ते. मुलगा आता शिकायला पुण्याला असतो, पण सुट्टीत आला की विचारतो, सध्या काय चाललंय, मध्ये काय झालं. शनिवारी माझ्याबरोबर आई येणार आहेत. आपल्या दोन पायऱ्या त्यांना आठवतात, कठडा उजव्या हाताला आहे हेही त्यांनीच मला सांगितलं.

एक विनंती आहे. ती निळी कादंबरी आता फार खिळखिळी झालीय, कधी ना कधी बाद होईल. बाद पुस्तकांच्या यादीत तिचं नाव लागलं, तर ती रद्दीत देण्याआधी आम्हाला कळवावं, असं तुमच्या हाताने नोंदवहीत लिहून ठेवाल का? जे काही मूल्य होईल ते आम्ही भरू.

आईंचा तुम्हाला आशीर्वाद, माझा नमस्कार.

आपली,
सभासद, दर शनिवारी साडेपाचची