काका, तुम्ही ती माती हातात घेतलीत म्हणून

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी मंडळातलं माझं भाषण चांगलं झालं. ते तुमच्यामुळे झालं, हे मंचावरून सांगायचं राहून गेलं. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं हे पत्र.

फर्गस ओ'कॉनर हा विषय मी घेतला तेव्हा माझी त्याच्याशी ओळख फक्त पुस्तकांतून होती. आयर्लंडमधल्या कॉर्कचा. आपलं घराणं जुन्या आयरिश राजांचं, हा त्याचा अभिमान. वडील रॉजर तर स्वतःला कुळाचे प्रमुखच म्हणवत. १७९८ च्या उठावाच्या धामधुमीत ते कैदेतही गेले. फर्गस इंग्लंडात चार्टिस्टांचा, म्हणजे कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चळवळीचा, पुढारी झाला. गिरणी कामगारालाही मताचा हक्क हवा म्हणून त्यानं १८३७ मध्ये लीड्सहून 'नॉर्दर्न स्टार' हे वृत्तपत्र काढलं, त्यातल्या मजकुरापायी यॉर्कच्या तुरुंगात गेला आणि १८४१ मध्ये सुटला तो कामगारांच्या जाड्याभरड्या फस्टियन कापडाचा सूट अंगावर घालून. इथपर्यंत तो मला फार आवडला होता.

पुढे शेती आली आणि मी अडलो. १८४५ ची त्याची कामगारांसाठीची जमीन योजना: थोडे थोडे पैसे भरून हिस्सा घ्यायचा, सोडतीत नाव निघालं की दोन, तीन किंवा चार एकर आणि राहायला घर. सभासद सुमारे ७०,००० झाले, जमीन मिळाली २५० च्या आसपास कुटुंबांना, आणि १८५१ मध्ये संसदेनं कायदा करून योजनेची कंपनी गुंडाळली. माझ्या मसुद्यात मी सरळ 'फसवणूक' असं लिहून मोकळा झालो होतो.

तुम्ही ते वाचलंत आणि एवढंच विचारलंत, "ती जमीन बघितलीस का?" आणि पुढच्या शनिवारी गुडघा दुखत असतानाही मला गाडीत घालून त्या योजनेतल्या एका वसाहतीला, ग्रेट डॉडफर्डला, नेलंत.

रोझडीन नावाचं योजनेतलं ते बसकं विटांचं घर मी बघत होतो, तुम्ही मात्र परवानगी विचारून थेट मागच्या वाफ्याशी वाकलात. चिमूटभर ओली माती तळहातावर घेऊन वळलीत. तिची वात झाली, तुटली नाही. "चिकण आहे रे. पावसात पाय रुतणार, उन्हात ढेकूळ फुटणार नाही. विणकराचे हात, आणि चार एकर फावड्यानं खणायचे?" फर्गसनं १८४३ मध्ये लहान शेतीवर पुस्तक लिहून फावड्याच्या शेतीचे हिशेब मांडले होते. ते कुठे चुकले, हे मला तुमच्या तळहातावर दिसलं.

पण मला जास्त उपयोगी पडलं ते तुमचं पुढचं बोलणं. डॉडफर्डकरांनी नंतर स्ट्रॉबेरी लावल्या, बर्मिंगहॅमच्या बाजारात विकल्या, हे ऐकून तुम्ही म्हणालात, "म्हणजे जमीन वाईट नव्हती. तिला काय मानवतं ते कळायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ यांना कुणी दिला नाही."

घरी येऊन मी योजनेची चौकशी करणाऱ्या १८४८ च्या संसदीय समितीचं प्रकरण पुन्हा वाचलं. हिशेब गोंधळाचे होते, पण कंपनीच फर्गसचं देणं लागत होती. त्यानं पदरचे पैसे घातले होते. हे मी आधीही वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. 'फसवणूक' हा शब्द त्याच रात्री खोडला.

जूनमध्ये स्ट्रॉबेरीच्या दिवसांत पुन्हा जाऊ. या वेळी गाडी मी चालवीन, तुम्ही गुडघा सांभाळा.

तुमचा,
भाषणवाला पुतण्या