सल्लागारांच्या प्रशिक्षणाच्या पायऱ्या

महोदय,

व्यवस्थापन सल्लागारांच्या प्रशिक्षणाचे आराखडे बहुधा नोकरीच्या वर्षांवर बेतलेले असतात: आधी एक्सेल आणि सादरीकरण, मग वाटाघाटी, शेवटी नेतृत्व. प्रमाणपत्रे जमतात, पण ग्राहकाची बैठक एकट्याने घ्यायची वेळ आली की पंचाईत होते. ह्युबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस या अमेरिकी प्राध्यापक बंधूंनी १९८० मध्ये कौशल्य अंगी बाणण्याचे, नवशिक्यापासून निष्णातापर्यंत, पाच टप्पे मांडले. नवशिक्या नियम धरून चालतो, मुरलेला माणूस प्रसंग ओळखतो, हे त्यातले मर्म. सल्लागाराला वर्षांऐवजी अशा कौशल्याच्या चार पायऱ्या पुरतात: माहिती हाताळणे, कामाचा एक भाग सांभाळणे, प्रश्न मांडणे आणि माणसे घडवणे.

पहिल्या पायरीला ‘विश्लेषणक्षमता’ असा मोघम निकष नको. विक्रीच्या तक्त्याची बेरीज नफा-तोटा पत्रकाशी जुळवली का? आकडे हजारांत की लाखांत, दुबार नोंदी किती, हे पाहिले का? मुलाखतीचे टिपण त्याच दिवशी आणि दोन रकान्यांत हवे: समोरचा काय म्हणाला आणि आपण काय ताडले. हे दोन्ही मिसळले की आपलाच तर्क ग्राहकाचे म्हणणे म्हणून अहवालात शिरतो.

गाडी अडते ती तिसऱ्या पायरीवर. ‘विक्री का घटली?’ असे ग्राहकाने विचारले की दुसऱ्या पायरीवरचा लगेच तक्ते काढायला घेतो. तिसऱ्यावरचा आधी विचारतो: नग घटले की भाव? जुने ग्राहक गेले की नवे आले नाहीत? आणि उत्तर कळल्यावर तुम्ही कोणता निर्णय बदलणार? हे वर्गात बसून येत नाही. आधी ज्येष्ठाच्या बैठकीत नुसते बसवावे, मग सुरुवातीचे प्रश्न सोपवावेत, मग अख्खी बैठक द्यावी. ज्येष्ठाने गप्प राहावे. (हेच सर्वांत अवघड!) बैठक संपताच पंधरा मिनिटे काढून कोणता प्रश्न विचारायचा राहिला, एवढेच बोलावे.

बढतीपूर्वी किमान दोन निरनिराळ्या ग्राहकांकडचे काम तपासावे. ओळखीच्या ग्राहकाकडे बरेच काही खपून जाते. निर्णय एकट्या प्रकल्पप्रमुखावर सोडू नये, कारण त्याला हाताशी आलेला माणूस सोडवत नाही.

एवढे करूनही आराखडा बारगळतो तो ज्येष्ठांच्या वेळेपायी. बिलात न धरलेल्या तासांना कोणी वाली नसतो. म्हणून प्रत्येक कनिष्ठामागे आठवड्याचे दोन तास प्रकल्पाच्या वेळापत्रकातच, काम स्वीकारतानाच लिहून ठेवावेत.

– एक वाचक