आईच्या आंघोळीची वेळ विचारणाऱ्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, तुमचे आभार मानायचे राहून गेले. त्या संध्याकाळी तुम्ही निघालात तेव्हा मी दारात उभी होते, पण घशात आवंढा दाटला होता आणि तोंडून फक्त "सांभाळून जा, पायऱ्यांवर बर्फ आहे" एवढंच निघालं. त्याला दीड महिना होऊन गेला. तळघरातून पाणी तापवणाऱ्या हीट पंपाची घरघर ऐकू आली की रोज वाटतं, लिहायला हवं.

नुसतं पाणी तापलं म्हणून हे पत्र लिहिलं नसतं. तुम्ही काम केलंत, आम्ही पैसे दिले, तिथे तो हिशेब संपला. तुम्ही आईला जो एक प्रश्न विचारलात, त्याचा हिशेब माझ्याच्याने संपत नाही.

तुमच्याआधी दोघे येऊन गेले होते. पहिल्यांनी तर तळघराची पायरीसुद्धा उतरली नाही. "तुमच्याकडे उणे पंधरा होतं, इथे हीट पंप चालत नाही," असं दारातूनच सांगून मोकळे झाले. यंत्र घरात बसणार, त्याला लागणारी हवा तळघरातली, आणि आमचं तळघर भर हिवाळ्यातही बारा-तेरा अंशांखाली जात नाही. बाहेरच्या उणे पंधराचा इथे संबंध काय, हे विचारायची तेव्हा मला समज नव्हती. दुसरे मात्र फार उत्साही निघाले. "हवेतून फुकट उष्णता मिळते," म्हणाले आणि टाकी जिन्याखालच्या कपाटात उभी करून दार लावून गेले. पाणी कोमट येतं म्हणून फोन केला तर म्हणाले, थंडीत असंच व्हायचं. पुन्हा केला तर म्हणाले, भिंतीला भोक पाडून गार हवा बाहेर सोडू, त्याचे वेगळे पैसे पडतील. तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही.

तीन आठवडे आम्ही असे काढले. मीटर तर जुना हीटर होता तेव्हासारखाच पळत होता.

तुम्ही आलात आणि पहिल्यांदा काहीच केलं नाहीत. कपाटात एक साधा थर्मामीटर टांगलात, दार लावलंत, बादली पालथी घातलीत आणि तिच्यावर बसून राहिलात. मला वाटलं, आता हेही वेळ काढणार. चाळीस मिनिटांनी दार उघडलंत तेव्हा पारा सतरावरून सहावर आला होता. "हे यंत्र म्हणजे उलटा फ्रिज आहे ताई," तुम्ही म्हणालात. "फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, हा खोलीतली उष्णता पाण्यात टाकतो. याला निदान अठ्ठावीस घनमीटर हवा लागते आणि या कपाटात तीन-साडेतीनसुद्धा नाही. बिचारा आपलीच गार केलेली हवा पुन्हा ओढतोय. हवा फार गार झाली की पंप बंद पडतो आणि आतली कॉइल, म्हणजे नुसत्या विजेवर पाणी तापवणारी तार, पेटते. मग बिल कसं उतरणार?" भिंतीतल्या भोकाचं विचारलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत. जेवढी हवा बाहेर जाईल तेवढीच बाहेरून फटींतून आत येणार, आणि ती उणे पंधराची.

आणि मग, मी पुढचं काही विचारायच्या आत, तुम्ही जिन्यात उभ्या असलेल्या माझ्या आईकडे वळलात. खिशातून पेन्सिल काढलीत, कागदी चिकटपट्टीचा वीतभर तुकडा टाकीवर लावलात आणि विचारलंत, "मावशी, तुमची आंघोळ किती वाजता असते?"

आई गडबडली. म्हणाली, "माझं काय, सगळ्यांचं झालं की."

तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाहीत. "सगळ्यांचं झालं की म्हणजे किती वाजता? आणि तेव्हा पाणी गरम असतं का?"

आई गप्प राहिली. मग खाली बघत म्हणाली, "नसतं. मी अंग पुसून घेते. केस धुऊन तीन आठवडे झाले असतील."

दादा, मी तिची मुलगी. त्याच घरात, पलीकडच्या खोलीत झोपते. मुलांना शाळेसाठी, नवऱ्याला कामासाठी, मला ऑफिससाठी गरम पाणी पुरतं का, हे मी रोज बघत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बोटं आखडलेली माझी आई त्या कडाक्यात ओल्या पंच्याने अंग पुसत होती आणि मला पत्ता नव्हता. तिने सांगितलं नाही, कारण तिने आयुष्यात कधी सांगितलंच नाही. आणि मी विचारलं नाही. विचारलं ते तुम्ही, जे तिला तासाभरापूर्वी पहिल्यांदा भेटला होतात.

तुम्ही "अरेरे" म्हणाला नाहीत, माझ्याकडे वळून बघितलं नाहीत. पट्टीवर सगळ्यात वर लिहिलंत, "मावशी, सहा". मग खाली आमच्या वेळा. अक्षर सुंदर आहे तुमचं.

टाकी कपाटातून काढून तळघराच्या मोकळ्या भागात नेणं, निचऱ्याची नळी जोडणं, खाली रबराचे पाय लावणं, त्या कामाचं मी काय सांगू, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझ्या लक्षात राहिलं ते तुम्ही पेन्सिलीने केलेलं गणित. दोनशे लिटर पाणी पाच अंशांवरून पंचावन्नवर न्यायला साडेअकरा युनिट उष्णता लागते. कॉइलने तापवलं तर साडेअकरा युनिट वीज, आणि पंपाने एका युनिटमागे अडीच युनिट उष्णता दिली तर पाचच्या आत. पण कॉइल ते काम अडीच-पावणेतीन तासांत उरकते आणि पंपाला नऊ तास लागतात. "म्हणून आधी वेळा विचारल्या," तुम्ही म्हणालात. "हा गडी सावकाश चालतो. रात्रभर चालू द्या, सहाला टाकी भरलेली मिळेल." आधीच्यांनी वीज वाचवायच्या नावाखाली पाणी पंचेचाळीसवर ठेवलं होतं, ते तुम्ही साठवर नेलंत आणि नळाकडे जाताना त्यात गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह लावलात. साठवलेलं पाणी कोमट राहिलं तर त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि म्हाताऱ्या माणसाच्या फुप्फुसाला ते महागात पडतं, हेही आईला न घाबरवता, मला बाजूला घेऊन सांगितलंत.

आणखी एक सांगते. दुसऱ्यांनी जिथे "फुकट" म्हटलं होतं, तिथे तुम्ही स्वच्छ सांगितलंत की हिवाळ्यात यातली काही उष्णता तुमच्याच घरातून येणार, तळघर दोन-तीन अंशांनी गार होईल, फ्रीजर आणि वॉशिंग मशीनची वाया जाणारी ऊब मात्र कामाला येईल. तळघर खरंच गार झालंय. पण आधी सांगितलं होतं, म्हणून त्याचा त्रास वाटत नाही. मला वाटतं, माणसाचा सरळपणा इथेच कळतो. गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. स्वतःच्या कामातली उणी बाजू गिऱ्हाइकाला आपणहून सांगणारा माणूस मी या वयात पहिल्यांदा पाहिला. घरात शिरल्यावर आवाज चढवून बोलणाऱ्याकडे सगळे बघतात. तुम्ही जिन्यात अंग चोरून उभ्या असलेल्या बाईकडे बघितलंत. हे तुम्हाला कोणी शिकवलं असेल तर त्या माउलीलाही माझा नमस्कार सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मुद्दाम उठून बाहेर बसले होते. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता, बराच वेळ. आई बाहेर आली ती डोक्याला पंचा गुंडाळून, काच पुसल्यासारखा चेहरा घेऊन. काही बोलली नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि केस मोकळे सोडून कितीतरी वेळ बोटांनी विंचरत राहिली. त्या आखडलेल्या बोटांनी.

मीटरचं विचाराल तर रोज बारा युनिट जात होती, आता पाचच्या आसपास जातात. फिल्टर मी स्वतः काढून धुते, तुम्ही दाखवलंत तसा. मुलाच्या शाळेची वेळ बदलली तेव्हा त्याने पट्टीवर आपली वेळ सहा लिहायला घेतली होती. आईने त्याला थांबवलं आणि म्हणाली, "सहा माझी आहे." तिने एखादी गोष्ट "माझी" म्हटलेली मी पहिल्यांदा ऐकली.

तुमची पेन्सिल इथेच राहिली आहे. आईने तिला दोरा बांधून टाकीशेजारच्या खिळ्याला अडकवली आहे.

आपली कृतज्ञ,
मावशींची मुलगी