दहावा रकाना

बेळगाव, रविवार रात्र

चि. मुक्ता हिस आईचे अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. कुंद्याचा डबा फ्रिजवरच राहिला. संजू गुरुवारी पुण्याला येतोय, त्याच्याकडे देते. भरल्या ताटावरून उठल्याबद्दल बाबा काही बोलणार नाहीत, पण सकाळी तुझ्या गाडीची वेळ त्यांनी दोनदा विचारली, एवढं समजून घे.

त्या भांडणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. एकच सांगते. जनगणनेतले भाषेचे तक्ते तालुक्यापर्यंतच मिळतात हे तूच सांगितलंस. मग त्यावरून गावागावाचा अंदाज कशाला काढतेस? इकडे सगळा सीमावादच गाव हा घटक धरायचा की नाही यावर आहे. 1966 साली महाजन आयोग नेमला तेव्हापासून लोक टक्केवारी तोंडपाठ करून बसलेत, 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. तुझा अंदाज छापून आला की दोन्हीकडचे आपापल्या सोयीची ओळ उचलतील, आणि खाली नाव तुझं. झालं, पुन्हा नाही लिहीत.

तुझं दवाखान्यांचं काम मला फार आवडलं, ते सांगायचं राहूनच गेलं. जिल्हा जनगणना पुस्तिकेतली ती अक्षरं: गावात सोय नसेल तर जवळची 5 किलोमीटरच्या आत असली की 'ए', 5 ते 10 असली की 'बी', पुढचं सगळं 'सी'. अकरा किलोमीटरही सी आणि चाळीसही सी, असं तू म्हणालीस तेव्हा मला जांबोटीचा रस्ता आठवला. जुलैत तिथं अकराचे चाळीस होतात गं. ते कसं दाखवशील नकाशात? ते दाखव.

2011 च्या जनगणनेत मला मोजणीला कणकुंबीकडचा गट होता, तू तेव्हा सातवीत. 9 ते 28 फेब्रुवारी. फॉर्म कन्नडमधला, बोलणं मराठीत. कन्नड वाचता येतं म्हणूनच मला तिकडं घातलेलं. एका अंगणात म्हातारी नाचणी पाखडत बसली होती. तीन मुलगे सांगितले, तिघंही गोव्यात कामाला. नियम असा, की त्या सबंध मुदतीत जो घरी नाही त्याला तिथं धरायचं नाही. मी नावं लिहीना. तिनं सूप खाली ठेवलं. "बाई, माझी पोरं काय मेल्यात?" मी तिच्या हातचा काळा चहा घेतला, आणि नावं घातली नाहीतच. ती, दोन सुना, नातवंडं, एवढंच घर फॉर्मवर गेलं. तेव्हा एखाद्या डोंगरातल्या गावात बायकांचं प्रमाण जास्त दिसलं तर मुलींचं नशीब उघडलं असं लिहू नकोस. आधी गोव्याला गेलेले मोजून ये.

आणि दहावा रकाना. मातृभाषा. लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती भाषा, माणूस सांगेल तशी लिहायची, असं ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं होतं. म्हातारीला मी विचारलं. तिच्या पुढच्या वीसेक घरांत विचारलं नाही. ऊन उतरलं होतं, शेवटची बस गाठायची होती. इथं मराठीच असणार, म्हणून घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते रकाने भरून टाकले. तू शेजारीच गृहपाठ करत होतीस. पण त्यांतल्या एका घरची सून बिडी गावाकडची होती, पोराला कन्नडमध्ये दटावत होती. ते मी कानांनी ऐकलं होतं. तिचंही मराठी लिहिलं, पोराचंही. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे अजून तुला माझ्याच अक्षरावर काम करावं लागतंय.

हे मी जेवताना सांगणार होते. तेवढ्यात तू म्हणालीस, नियमानं बघितलं तर आईचीच मातृभाषा कन्नड, आणि बाबा उठले. खोटं नाही ते. अज्जी, माझी आई, माझ्याशी गोकाकचं कन्नडच बोलायची. आपल्या घरचा फॉर्म भरायला मास्तर आले तेव्हा बाबांनी सगळ्यांचं मराठी सांगितलं आणि मी आतून चहा घेऊन आले. मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. तुझ्याशी मी मराठीच बोलले ना? पण अज्जी गेली त्या रात्री तिच्याशी काय बोलत होते, ते तुला आठवत असेल.

म्हणून म्हणते, गावांचे अंदाज... बघ, आलंच परत. पेन हातात घेतलं की मी शाळेतली बाई होते, माफ कर. तुझा अभ्यास तू जाणतेस. नाव लागेल ते अभिमानानंच वाचू आम्ही, भीती वाटली तरी.

आता म्हणे सगळं मोबाइलवर भरायचं. बरंच झालं, रकाने घरी आणून भरायची सोय नको.

बाबा मघाशी विचारत होते, 2027 च्या फेब्रुवारीत मुक्ता इथं असेल ना, आपल्या फॉर्मात नाव घालायला? मी हो म्हटलं. नियम त्यांना सांगितला नाही.

तुझी,
आई