गॉलमधले उंट ओझ्याचेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेल्जियममध्ये, म्हणजे त्या काळच्या गॉलमध्ये, सापडलेल्या रोमनकालीन उंटांच्या हाडांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. विषय छानच. पण ‘रोमनांनी खेळ दाखवायला उंट नेले असतील’ हा लेखाचा सूर पटला नाही. माझ्या मते ते ओझी वाहायलाच होते. आखाड्यात एखाददुसरा गेलाही असेल, पण हाडे सापडली कुठे ते बघा ना. आर्लों हे बेल्जियममधले गाव रीम्सहून ट्रियरला जाणाऱ्या हमरस्त्यावरचे. स्वित्झर्लंडमधले विंडोनिसा तर लष्करी छावणीच. म्हणजे रसदीची ये-जा असलेल्या जागा.

हाडे मोजकी आहेत, हे मान्य. पण उंटाच्या हाडाचा तुकडा गुरांच्या हाडांत सहज खपून जातो. पायाच्या नळीचे खालचे टोक शाबूत असेल तर मात्र ओळख पटते. बैलाच्या नळीची दोन टोके एकमेकांना खेटून असतात, उंटाची फाकलेली.

‘तिथली थंडी उंटाला कशी मानवेल?’ असा प्रश्न लेखात आहे. लडाखला हुंदरच्या वाळूत दोन मदारींच्या उंटावर बसून फोटो काढून आलेल्या आपल्याकडच्या मंडळींना तो पडू नये!

रोमन सत्ता गेल्यावर गॉलमध्ये आलेल्या फ्रँक राजांच्या काळातही उंट दिसतातच. फ्रान्समधल्या तूरचा बिशप आणि इतिहासकार ग्रेगरी त्याच काळातला. फ्रँकांच्या गादीवर हक्क सांगणारा गुंडोवाल्ड 585 साली पळाला, तेव्हा पाठलाग करणाऱ्यांना सोन्याचांदीने लादलेले उंट सापडले, असे त्याने लिहिले आहे. पळताना खजिना कोणी शोभेच्या जनावरावर लादत नाही. शोभेचा उंट हवाच असेल तर पोलंडच्या पहिल्या मिएश्कोने 986 साली जर्मनीच्या बालराजा तिसऱ्या ओटोला दिलेला नजराण्याचा उंट घ्यावा. पण ती गोष्ट चारशे वर्षांनंतरची.

राहिली फ्रँकांची ब्रुनहिल्डा राणी. 613 साली फ्रँक राजा दुसऱ्या क्लोथारने तिचे तीन दिवस हाल केले, उंटावर बसवून सैन्यातून फिरवले आणि मग उधळ्या घोड्याला बांधून मारले, असे फ्रेडेगारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रँकांच्या बखरीत आहे. लेखकाला यात पौर्वात्य थाट दिसतो. मला तर ही आपल्याकडच्या गाढवावरच्या धिंडीसारखी वाटते. बघणाऱ्या शिपायांना उंट सामानाच्या तांड्यातला म्हणून रोजचा ओळखीचा असेल, तरच राणीला त्यावर बसवण्यातला अपमान त्यांना कळणार.

आपला,
एक वाचक, सांगली