गॅस हीटर आडवा पडूनही जळतच राहिला, त्याबद्दल तक्रार

प्रति, ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

नोव्हेंबरमध्ये तुमच्याकडून अंगणात लावायचा गॅस हीटर घेतला, वर छत्री असते तो उंच वाला, १३ किलोवॉटचा, १८,५०० रुपये आणि डिलिव्हरीचे वेगळे. शनिवारी २७ डिसेंबरला रात्री तो आमच्या अंगणात आडवा पडला आणि पडल्यावर बंद झाला नाही. जळतच राहिला. का बंद झाला नाही ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं आणि ते कळल्यापासून मला नीट झोप नाहीये, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. फोनवर तीनदा सांगून झालं, दरवेळी नवीन माणूस, दरवेळी पहिल्यापासून. आता कृपा करून हे पूर्ण वाचा.

आम्ही निफाड तालुक्यात राहतो, नांदूर मध्यमेश्वरच्या जवळ. द्राक्षाची बाग आहे आणि चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात, त्या मी आणि माझी जाऊ मिळून बघतो. डिसेंबर ते फेब्रुवारी अभयारण्यात पक्षी बघायला लोक येतात, पहाटे निघतात, दुपारी येऊन झोपतात आणि संध्याकाळी सगळे अंगणात. हुरडा असतो, लसणाची चटणी, दही, गूळ, मग गप्पा चालतात दहा-साडेदहापर्यंत. निफाडची थंडी काय असते ते तुम्हाला माहीत असेलच, दर हिवाळ्यात बातम्यांत आमचं नाव असतं, पारा पाच-सहावर आला की आमची माणसं रात्री बागेत शेकोट्या लावत फिरतात. अंगणातही आधी शेकोटीच असायची. पण मागच्या वर्षी एका पाहुण्यांच्या मुलीला दम्याचा त्रास होता, धुराने तिला रात्री नेब्युलायझर लावायची वेळ आली, तेव्हा ठरवलं की बसायच्या जागी शेकोटी नको, हुरडा भाजायची आगटी लांब कोपऱ्यात आणि इथे गॅसचा हीटर. म्हणजे हौस म्हणून नाही घेतला, लोकांना त्रास होऊ नये म्हणून घेतला.

घ्यायच्या आधी तुमच्या सेल्सवाल्यांशी मी चांगलं वीस मिनिटं बोलले. त्यांनी मला रंग विचारला, काळा की स्टीलचा, ईएमआय पाहिजे का विचारलं. अंगण केवढं, वारा कुठून येतो, वर छप्पर आहे का, टाकी कुठली वापरणार, यातलं एक पण नाही. शेवटी मीच विचारलं टाकी कुठली लागेल, तर म्हणाले घरची लाल टाकी लावा, सगळे तेच करतात. अहो आमच्याकडे पाहुणे पैसे देऊन राहतात, तिथे घरगुती टाकी वापरणं कायद्यात बसत नाही आणि ते तुम्ही गॅसवर चालणारी वस्तू विकणाऱ्यांनी मला सांगायला हवं होतं, मी तुम्हाला नाही. आम्ही १९ किलोची निळी कमर्शियल टाकी घेतली. पुढे म्हणाले एक टाकी महिनाभर जाते. हीटरच्या मागच्या पट्टीवर तुमच्याच कंपनीने छापलंय, तासाला ९४५ ग्रॅम. १९ किलोला भागून बघा, फुलवर वीस तास. रोज चार तास लावला तर पाच दिवस. तेव्हा एका टाकीचे आम्हाला सतराशे-अठराशे पडत होते, आम्ही पाहुण्यांकडून अंगणात बसायचे पैसे घेत नाही, हा हिशोब आधी कळला असता तर कदाचित घेतलाच नसता.

आणि एक गोष्ट, ती मी कधीच विसरणार नाही. आमच्या अंगणाला एका बाजूने पत्र्याची शेड आहे हे मी सांगितलं तर म्हणाले मग बाकीच्या तीन बाजूंनी प्लास्टिकचा कागद बांधून घ्या मॅडम, ऊब आत राहील. ऊब आत राहील आणि कार्बन मोनॉक्साइड पण आत राहील ना. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस बसल्या बसल्या पेंगायला लागतो आणि आजूबाजूच्यांना वाटतं जेवण जास्त झालं. माझा भाचा केमिस्ट्री शिकवतो, त्याने आम्हाला सांगितलं म्हणून आम्ही ते केलं नाही आणि हीटर शेडच्या बाहेर मोकळ्या जागेत ठेवला. ज्यांच्या घरी असा भाचा नाही त्यांनी काय करायचं?

आता डिलिव्हरीचं. हीटरसोबत जे रेग्युलेटर आलं ते आट्यांचं, फिरवून बसवायचं. आपल्या टाकीला ते बसतच नाही, आपलं वरून दाबून टक करून बसणारं असतं. पाइप काळा, त्यावर आयएसआय मार्क नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे खालच्या ज्या डब्यात टाकी ठेवायची त्यात आमची १९ किलोची टाकी जातच नाही, चार बोटं उंच होते. दुसऱ्या कुठल्या तरी देशाच्या टाकीसाठी बनवलेला डबा आहे तो. तुमचा टेक्निशियन आला, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, पाणी पण उभ्यानेच प्यायला, म्हणाला अजून चार कॉल आहेत. त्याने टाकी डब्याबाहेर ठेवायला सांगितली आणि म्हणाला भट्टीचं हाय प्रेशर रेग्युलेटर लावा, ज्वाला मस्त मिळेल. पट्टीवर २८-३० मिलीबार लिहिलंय, घरच्या शेगडीला साधारण तेवढंच प्रेशर असतं, मग भट्टीचं कशाला? आम्ही नाही म्हटलं. पिंपळगावच्या गॅस एजन्सीतून योग्य ते रेग्युलेटर आणि आयएसआयचा नारिंगी पाइप आम्ही आमच्या पैशाने आणला.

पण टाकी बाहेर ठेवायचं मात्र ऐकलं, आणि तिथे आमचं चुकलं असं मला आता वाटतं. त्या डब्यात भरलेली टाकी असते तेव्हा तिचंच वजन हीटरला खाली धरून ठेवतं. टाकी बाहेर काढली की उरतो फक्त पत्र्याचा डबा, सहा-साडेसहा फूट उंच नळी आणि वर जड छत्री. तुमच्या पुस्तिकेत चित्रात टाकी आतच दाखवलीय. हे त्या पोराला माहीत नसेल तर त्याला शिकवलं कोणी?

हीटर चालायचा तेव्हा चांगला चालायचा, खोटं नाही बोलणार. जवळच्या आठ-दहा फुटांत बसलेल्यांना तोंडावर-हातावर छान ऊब लागायची, वारा नसला की सासूबाई शाल काढून ठेवायच्या. वारा सुटला की काही नाही, ते आम्ही समजून घेतलं. तास-दीड तास झाला की टाकी खालून गार पडायची, हात लावला तर ओलसर दव, आणि ज्वाला बसायची. एवढा गॅस एकदम ओढला की टाकी थंड होते, त्यात आमच्याकडची थंडी, हे पण नंतर एजन्सीवाल्यांकडून कळलं. तुमच्या कस्टमर केअरने काय सांगितलं होतं माहितीये? टाकीवर उकळतं पाणी ओता.

मग डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवीनच सुरू झालं. नॉब दाबून पेटवला की पेटायचा, नॉब सोडला की विझायचा. वीस-वीस वेळा दाबून बसायचो. तक्रार केली, पाचव्या दिवशी तोच पोरगा आला. मागचं झाकण उघडलं, दहा मिनिटांत काम झालं म्हणाला, पेटवून दाखवला, खरंच पेटून राहिला. मी विचारलं काय झालं होतं, तर म्हणाला लूज कनेक्शन होतं ताई. चहा देत होते तर नको म्हणाला, सही घेतली आणि गेला.

२७ तारखेला संध्याकाळी सहा पाहुणे होते, दोन लहान मुलं. साडेनऊला सगळे जेवायला आत गेले, मी पानं वाढत होते, बाहेर हीटर चालूच होता कारण जेवून परत बसणार होते. वारा सुटला. आधी भांडं पडल्यासारखा आवाज आला आणि मग कुत्रा भुंकायला लागला. बाहेर आले तर हीटर बाजेवर आडवा, जाळी लालभडक, ज्वाला वरच्या गोधडीला लागलेली. भाऊजींनी धावत जाऊन टाकीचं रेग्युलेटर बंद केलं, आमच्या ह्यांनी हौदाची बादली ओतली. दोन मिनिटांचा खेळ. पण त्याच बाजेवर पाच मिनिटांपूर्वी त्या दोन मुलांतलं धाकटं, चार वर्षांचं, झोपलं होतं, त्याच्या आईने उचलून आत आणलं म्हणून. ती गोधडी माझ्या सासूबाईंनी त्यांच्या आईच्या दोन लुगड्यांची शिवलेली, हिरव्या काठाचं एक आणि जांभळं एक, मधोमध आता ताटाएवढं भोक आहे आणि कडा काळ्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी धुऊन दोरीवर टाकली. तिचे पैसे मी मागत नाहीये, तिचे पैसे होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाचा आला, त्याने झाकण उघडलं. आत टिल्ट स्विच आहे, हीटर कलंडला की गॅस तोडणारा. त्याच्याकडे जाणाऱ्या दोन वायरी स्विचमधून काढून एकमेकींना पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेली. हे होतं ते दहा मिनिटांचं काम. भाच्याने मला समजावलं ते असं, ज्वालेत थर्मोकपल असतं, ते तापलं की अगदी बारीक करंट तयार होतो, त्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो, आणि तो करंट टिल्ट स्विचमधून फिरून येतो. स्विच खराब झाला तर करंट पोचत नाही आणि हीटर विझतो, म्हणजे आमचा स्विच खराब होता आणि तो बदलायचा सोडून त्याला बाजूलाच काढलं. त्यानंतर हीटर कितीही कलंडला तरी व्हॉल्व्हला कळायचं कारणच नाही. दहा दिवस आम्ही त्याच्याखाली लोकांची पोरं बसवली. आम्हाला एक शब्द सांगितला असता की स्विच मिळत नाहीये, आठ दिवस लावू नका, तर आम्ही शेकोटी लांब पेटवून वेळ काढली असती.

यावर तुमच्या ऑफिसातून उत्तर आलं की पडल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही आणि शिवाय तुमचा वापर व्यावसायिक आहे. माझी वॉरंटीची तक्रारच नाहीये. तुमच्या माणसाने तुमच्या नावाने येऊन सेफ्टी काढून टाकली ही तक्रार आहे. आणि व्यावसायिक म्हणाल तर आम्ही दोघी जावा स्वतः राबून पोट भरतो, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूचा ग्राहक हा ग्राहकच धरलाय. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवलीय, पंधरा दिवसांत काही झालं नाही तर नाशिकला जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.

मला पाहिजे ते एवढंच. हीटरचे पूर्ण पैसे, डिलिव्हरी धरून, आणि आम्ही आणलेल्या रेग्युलेटर-पाइपचे. लेखी कबुली की वायरी तुमच्या माणसाने जोडल्या. आणि सगळ्यात आधी, बाकी सगळं राहू द्या पण हे आजच करा, या सीझनला ज्या ज्या घरी असा विझणारा हीटर दुरुस्त करून दिलाय त्या प्रत्येकाला फोन लावा आणि झाकण उघडून बघेपर्यंत लावू नका म्हणून सांगा. हुरड्याचे दिवस आहेत, थर्टी फर्स्ट होऊन गेला तरी लोक अजून गच्चीवर, शेतावर बसतायत. त्या पोराला नोकरीवरून काढून विषय मिटवू नका, दिवसाला सहा कॉल आणि बॅगेत एक पण स्पेअर स्विच नाही, अशा माणसाकडे टेपच असणार.

वायरींचे, गोधडीचे आणि मागच्या पट्टीचे फोटो सोबत जोडलेत, सर्व्हिस स्लिप पण आहे, तिच्यावर 'लूज कनेक्शन' त्याच्याच हाताने लिहिलंय. हीटर शेडमध्ये पोत्याने झाकून ठेवलाय, टेप आहे तशीच आहे, कोणी हात लावलेला नाही. न्यायला येणार असाल तर सकाळी नऊ ते अकरा या वेळेत या, तेव्हा पाहुणे बाहेर असतात आणि मी घरी असते, आणि येताना उत्तर देऊ शकेल असा माणूस पाठवा.

आपली ग्राहक,
ता. निफाड, जि. नाशिक