नागीण दुसऱ्याकडून येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला नागिणीवरचा लेख वाचला. पथ्यपाण्याचा भाग ठीक आहे, पण ‘नागीण झालेल्याच्या जवळ गेल्यास नागीण होते’ हे वाक्य चूक आहे. नागीण होते ती आपल्याच अंगात राहून गेलेल्या कांजिण्यांच्या विषाणूमुळे. ज्याला कांजिण्या कधी झाल्याच नाहीत, त्याला त्या फोडांतल्या पाण्यामुळे होतील त्या कांजिण्याच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना नागीण झाली. डाव्या बरगडीखाली चार बोटं रुंद पट्टा, आणि पाठीच्या कण्याशी पट्टीनं रेघ मारावी तसा थांबलेला. शेजारच्या काकू काव उगाळून घेऊन आल्या. “तोंडाला शेपूट टेकू देऊ नका गं,” म्हणाल्या. ती सहसा टेकतच नाही. विषाणू कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठीत दडलेला असतो आणि तिथून निघणाऱ्या चेतातंतूच्या वाटेनं त्वचेवर येतो. डाव्या अंगाची वाट उजवीकडे जात नाही.

मग पन्नास-साठ वर्षं तो तिथं करत काय असतो? त्याच्याजवळ जेमतेम ७० जनुकं. चेतापेशीत ती जवळजवळ सगळी बंद असतात. त्याचा डीएनए पेशीच्याच हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला, बोचकं बांधून माळ्यावर टाकावं तसा. पेशी स्वतःची जनुकंही अशीच मिटून ठेवते. नाहीतर यकृताची आणि डोळ्याची पेशी, दोघींत डीएनए तोच असून, इतकी वेगळी झाली नसती. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली, की बोचकं सुटतं. तेव्हाही सगळी जनुकं एकदम चालू होत नाहीत. आधी हुकूम सोडणारी, मग डीएनएच्या प्रती काढणारी, शेवटी कवच घडवणारी. पंगतीत आधी पानं मांडतात, मग वाढतात, तसंच. आणि जनुकं वाचायचं यंत्र? तेही आपल्याच पेशीचं!

जनुकं अशी बंद-चालू होतात, हे उलगडलं ते जिवाणूंत. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जाक मोनो हे शास्त्रज्ञ दुधातल्या साखरेवर वाढणारे जिवाणू तपासत होते. ती साखर पचवायला लागणारं विकर (एन्झाइम) जिवाणू ती मिळाली तरच बनवतात. तिथल्याच आंद्रे ल्वॉफ यांच्याकडे असे जिवाणू होते, ज्यांच्या पोटात विषाणू गप्प बसून असे आणि अतिनील किरण पडले की जिवाणू फोडून बाहेर येई. दोन्हीकडे कुलूप एकाच जातीचं, हे त्यांचे सहकारी फ्रान्स्वा जाकोब यांच्या ध्यानात आलं: डीएनएवर ठाण मांडून वाचन रोखणारं प्रथिन. १९६५ चं नोबेल तिघांना मिळालं. आपल्याकडे बातम्या मात्र ‘अमक्याचं जनुक सापडलं’ एवढ्याच येतात; ते चालू-बंद कसं होतं, हे त्यात नसतं.

हे सगळं लिहायचं कारण औषध. अ‍ॅसायक्लोव्हिर कामाला लागतं ते विषाणूच्याच एका विकरानं त्याला फॉस्फेट जोडल्यावर. झोपलेल्या विषाणूत त्या विकराचं जनुक बंद, त्यामुळे औषधाला तो सापडतच नाही. जागा होऊन वाढत असतानाच मारा लागू पडतो. म्हणून डॉक्टर म्हणतात, पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करा. हा आकडा लेखात नव्हता. दुरुस्ती छापाल तेव्हा तो ठळक अक्षरांत टाका. आमच्याकडे त्यातले दोन दिवस काव लावण्यात गेले होते.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा